एकादशी अन् दुप्पट खाशी : खाण्याच्या उबळीवर ताबा कसा मिळवावा?



या पत्रिकेतून आम्ही नेहमी उसाबद्दल लिहितो. बेणे कसे निवडावे, खोडव्याचे पाचट का जाळू नये, ठिबकचा संच कसा राखावा, हे पाठ आपण वाचता आणि त्यातले बरेचसे शेतात करूनही पाहता. आजचा पाठ मात्र पिकाचा नाही, पोटाचा आहे. पिकाला काय आणि किती घालायचे याचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो. पण स्वतःच्या पोटात काय, केव्हा आणि किती जाते, याचा हिशेब कितीजण ठेवतात?

खाण्याविषयी बोलायचे म्हटले की आपल्याकडे दोनच गोष्टी निघतात. एक, पूर्वीची माणसे कशी दगड पचवायची. आणि दुसरी, अमक्या डॉक्टरने तमके बंद करायला सांगितले. या दोहोंच्या मध्ये एक त्रास आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पोट भरलेले असते, तरी हात थांबत नाही. घरातली माणसे झोपली की फडताळातला डबा उघडतो. लाडू एक म्हणता चार जातात, फरसाणाची पिशवी संपते, वर सकाळची चपाती साखर लावून खाल्ली जाते. मग पोट फुगते, छातीशी येते, आणि जिवाला लागते की आपण असे का केले? सकाळी ठरते, आजपासून काही खायचे नाही. दोन दिवस ते जमते. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच.

यालाच आम्ही या पाठात 'खाण्याची उबळ' म्हणणार आहोत. खोकल्याची उबळ जशी दाबली तरी येते, तशीच ही. हिला लोक हावरटपणा म्हणतात, अधाशीपणा म्हणतात, कुणी बकासुर म्हणून चिडवतात. वस्तुतः हा स्वभावाचा दोष नव्हे. ती एक ओळखता येण्याजोगी आणि बरी होण्याजोगी तक्रार आहे.

उबळ कशी ओळखावी?

लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त खाल्ल्या, हुरड्याला बसलो आणि पोट जड झाले, याला उबळ म्हणत नाहीत. सणावाराला सगळेच थोडे जास्त खातात. ते चारचौघांत, आनंदाने होते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते.

उबळीच्या दोन खुणा मुख्य. पहिली, थोड्या वेळात, म्हणजे साधारण दोन तासांच्या आत, इतर माणसे त्या परिस्थितीत खातील त्याहून निश्चितच जास्त खाल्ले जाते. दुसरी आणि अधिक महत्त्वाची खूण, त्या वेळी आपला आपल्यावर ताबा राहत नाही. थांबावेसे वाटते, पण थांबता येत नाही. याच्या जोडीला पुढील गोष्टी दिसतात : नेहमीपेक्षा भराभर खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, भूक नसताना खाणे, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणे, आणि नंतर स्वतःचीच किळस किंवा खंत वाटणे.

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली काही स्थूल रुग्णांमध्ये ही तऱ्हा पाहून तिची नोंद केली. पण ती स्वतंत्र आजार म्हणून मान्य व्हायला बराच काळ गेला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत तिला २०१३ साली वेगळी जागा दिली. वरील खुणांपैकी दोन्ही मुख्य आणि जोडीच्या किमान तीन असतील, आठवड्यातून निदान एकदा असे होत असेल, तीन महिने चालले असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर तो आजार समजावा, असे त्यांनी ठरवले आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. प्रत्येक जाड माणसाला उबळ येते असे नाही, आणि उबळ येणारा प्रत्येकजण जाड असतोच असेही नाही. ही तक्रार बायकांमध्ये जास्त आढळते, पण पुरुषांतही चांगल्याच प्रमाणात आहे. तेव्हा नुसत्या अंगाकडे बघून कुणाला नावे ठेवू नयेत.

उपाशी पोट सूड घेते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उबळ येते का? बहुतेकांना वाटते, मन घट्ट नाही म्हणून. म्हणून ते काय करतात? मन घट्ट करतात आणि जेवण तोडतात. इथेच खरी गोम आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्याला शोधायचे होते. बंदूक हाती घ्यायला तत्त्वतः नकार दिलेले ३६ निरोगी तरुण यासाठी आपणहून पुढे आले. चोवीस आठवडे त्यांचे खाणे जवळजवळ निम्म्यावर आणले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. पण वजनापेक्षा मोठा बदल मनात झाला. ही धडधाकट, शिकलेली माणसे रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तके वाचू लागली, ताटे चाटू लागली, घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागली. आणि बंधन उठल्यावर? त्यांतल्या काहींनी नेहमीच्या कितीतरी पट खाल्ले, आणि पोट तुडुंब भरूनही भूक शमत नाही असे सांगितले.

ही माणसे हावरट नव्हती. त्यांच्यावर ती वेळ उपासमारीने आणली. शरीराला अन्न कमी पडले की ते त्याला दुष्काळ समजते. जठरातून भूक चेतवणारा रस जास्त सुटतो, पोट भरल्याचा निरोप मंद होतो, आणि मन गोड आणि तेलकट पदार्थांकडेच धाव घेते. मग एकदा दार उघडले की बांध फुटतो.

आपल्या वाडवडिलांनी ही गोष्ट प्रयोगशाळेशिवाय ओळखली होती. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. दिवसभर कडकडीत राहायचे आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू, असे ताट समोर ओढायचे. उपवासाने पोटाला विश्रांती मिळावी, तर झाले उलटेच.

ऊसकरी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. महिनाभर पाणी तोडले, रानाला भेगा पडल्या, आणि मग एका रात्रीत सरी तुंबवली, तर पीक सुधारते का? वरची माती वाहून जाते, मुळी गुदमरते. त्यापेक्षा ठरल्या पाळीने, बेताचे पाणी दिले तर तोच ऊस जोमाने वाढतो. कारखान्याच्या गव्हाणीचेही तसेच. दोन तास गव्हाण रिकामी ठेवून मग एकदम ऊस लोटला की मिल तुंबते. मोळी सारखी पडत राहिली पाहिजे. पोट ही आपली गव्हाणच आहे.

मनाचे, झोपेचे आणि रिवाजाचे कारण

उपासमार हे एक कारण झाले. दुसरे कारण मनाचे. ऊस तोडीला आला, तुरे फुटले, तरी टोळी येत नाही. उसाचे बिल कधी जमा होणार ठाऊक नाही. सोसायटीचा हप्ता तोंडावर आला. पोरीचे लग्न ठरायचे आहे. अशा वेळी खाल्ले की घटकाभर बरे वाटते. जिभेला चव असते तोवर काळजी मागे पडते. पण डबा संपला की काळजी जागच्या जागी, आणि तिच्या जोडीला आता खाल्ल्याची खंतही. ही खंत विसरायला पुन्हा खाणे. असे हे चाक फिरते.

तिसरे कारण झोपेचे. रात्रीची लाईट आली म्हणून बारा वाजता दारे धरायला जायचे, पहाटे परत यायचे, आणि सात वाजता पुन्हा धारेला बसायचे. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि मनाचा ताबा सुटतो, हे अभ्यासातून दिसून आले आहे. रात्रपाळीला मिलवर जाणाऱ्या कामगार बंधूंनाही याचा अनुभव येत असेल.

चौथे कारण आपल्या घरांच्या रिवाजाचे, आणि ते आम्ही मुद्दाम सांगतो. घरातली बाई सकाळी चहावर राहते. सगळ्यांना वाढते, शेतावर भाकरी पोचवते, आणि दोन-अडीच वाजता स्वतः बसते. तेव्हा ताटात उरलेसुरले असते. ते वाया जाऊ नये म्हणून भूक असो-नसो, तीच संपवते. बहुतेक वेळा उभ्यानेच. तिला कुणी आग्रह करत नाही आणि तिच्या जेवणाला वेळही नसते. मग दुपारी एकटी असताना डब्याकडे हात गेला, तर दोष तिचा की रिवाजाचा? याचा विचार पुरुष सभासदांनी करावा.

उपाय पायरीपायरीने

या तक्रारीवर खात्रीचा उपाय आहे. ऑक्सफर्ड येथील मानसोपचारतज्ज्ञ ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विचार आणि सवय बदलण्याची एक पद्धत बसवली आणि १९९५ साली सामान्य माणसांसाठी ती पुस्तकरूपाने मांडली. ब्रिटनमधील आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१७ साली, उबळीच्या रुग्णाला सुरुवातीला कुणा जाणकाराच्या देखरेखीखाली अशीच स्वतः करण्याची पद्धत द्यावी, असे सुचवले. तिच्यातील मुख्य पायऱ्या आपल्या घराला लागू पडतील अशा आम्ही खाली देत आहोत. सगळ्या एकदम करू नयेत. एक अंगवळणी पडली की दुसरी घ्यावी.

पहिली पायरी : नोंद. उसाच्या वजनाची पावती आपण जपून ठेवतो. तशीच खाण्याची वही करावी. केव्हा खाल्ले, काय खाल्ले, कुठे बसून खाल्ले, उबळ आली होती का, आणि त्याआधी मनात काय चालले होते, एवढे पाच रकाने पुरेत. खाल्ल्याबरोबर लिहावे, रात्री आठवून नव्हे. यात स्वतःला शिव्या घालू नयेत. शेतकी खात्याचा माणूस जशी कोरडी नोंद करतो तशी करावी. आठ-दहा दिवसांत तुम्हाला दिसेल की उबळ कुठूनही येत नाही. तिची वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि बहुतेक वेळा तिच्याआधी पोट पाच-सहा तास रिकामे असते.

दुसरी पायरी : पाळी. ही सर्वांत महत्त्वाची. दिवसात तीन जेवणे आणि मध्ये दोन किंवा तीन छोटी खाणी, अशा वेळा ठरवाव्यात. दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. उदाहरणार्थ :

सकाळी ७ – न्याहारी : भाकरी-भाजी, पोहे किंवा उप्पीट. नुसता चहा नव्हे.
सकाळी १० – एखादे फळ किंवा मूठभर शेंगदाणे.
दुपारी १ – जेवण.
संध्याकाळी ५ – चहाबरोबर फुटाणे, किंवा मोडाची उसळ.
रात्री ८ – जेवण.
रात्री दारे धरायला जायचे असेल तर बरोबर अर्धी भाकरी-भाजी किंवा फळ.

भूक नसली तरी ठरल्या वेळी थोडे खावे, आणि वेळ नसली की खाऊ नये. आणि आदल्या रात्री उबळ आली म्हणून दुसऱ्या दिवशीची न्याहारी चुकवू नये. ही गोष्ट पुन्हा सांगतो, कारण सगळे इथेच घसरतात. रात्री जास्त झाले म्हणून सकाळी उपाशी राहणे म्हणजे पुढच्या उबळीचे बेणे लावणे होय.

'असे सहा वेळा खाल्ले तर वजन वाढणार नाही का?' असे कुणीही विचारील. हिशेब करा. पाळीने खाल्लेले अन्न जास्तीचे नसते. तेच अन्न वाटून खाल्ले जाते. उबळीतले चार लाडू, फरसाणाची पिशवी आणि साखर-चपाती मात्र वरचे असते. ते थांबले की एकूण खाणे वाढण्याचे कारण राहत नाही.

तिसरी पायरी : ताट. ताटाचा निम्मा भाग भाज्या, पालेभाज्या, कोशिंबीर यांचा असावा. उरलेल्यात भाकरी, चपाती किंवा भात, आणि तितक्याच अगत्याने डाळ, उसळ, ताक-दही, अंडे किंवा मासळी असावी. डाळी-उसळींनी पोट बराच वेळ भरलेले राहते. बसून जेवावे, ताटात वाढून घ्यावे, डब्यातून किंवा पिशवीतून खाऊ नये. मोबाईल आणि टी. व्ही. बाजूला ठेवावा. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाच मिनिटांत ताट संपवले तर निरोप यायच्या आत दुसरे ताट झालेले असते.

चौथी पायरी : उबळ आली तर. उबळ ही लाटेसारखी असते. ती चढते, माथ्यावर येते आणि न खाताही ओसरते. तेवढा वेळ काढता आला पाहिजे. त्यासाठी आधीच एक यादी करून भिंतीला लावावी : गोठ्यात चक्कर मारणे, बांधापर्यंत जाऊन येणे, कुणाला तरी फोन करणे, अंघोळ करणे, भजन-कीर्तनाला जाऊन बसणे, पोराचा अभ्यास घेणे. हात गुंतलेला असावा आणि जागा स्वयंपाकघरापासून दूर असावी. सुरुवातीला दहात तीन वेळा जमेल. तेही कमी नाही.

पाचवी पायरी : मनाई उठवणे. 'आजपासून गोड बंद, भात बंद, तेल बंद' अशी शपथ घेतली की मन दिवसभर त्याच पदार्थाभोवती फिरते. मग चुकून एक पेढा तोंडात गेला की, 'शपथ मोडलीच, आता संपव सगळे!' म्हणून डबा रिकामा होतो. एक सरी फुटली म्हणून आपण सगळे रान बुडवत नाही. जाऊन बांध घालतो. तसेच इथे करावे. आवडीचा पदार्थ जेवणाबरोबर, वाटीत मोजून, सर्वांसमोर, चवीने खावा. मधुमेह असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वजनाचे काय? आठवड्यातून एकदाच, ठरल्या दिवशी करावे. रोज काट्यावर उभे राहिले की पाणी वर-खाली झाले तरी जीव वर-खाली होतो. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो : या पद्धतीने आधी उबळ थांबते, वजन त्याच वेगाने उतरेलच असे नाही. ज्यांना वजन उतरवायचे आहे त्यांनीही आधी उबळ मिटवावी. गळक्या पाटात पाण्याचा हिशेब लागत नाही.

उपवासाचे काय करावे?

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र हे आपल्या घरांचे भाग आहेत. ते सोडा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण ज्यांना उबळीचा त्रास आहे त्यांनी कडकडीत उपवास करू नये. ताक, दूध, फळे, राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ हे उपवासाला चालते. तेच पाळीने, थोडे थोडे घ्यावे आणि उपवास सोडताना साधे जेवण करावे. जे मधुमेहाच्या गोळ्या घेतात किंवा इन्शुलिन टोचून घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. रक्तातील साखर अचानक उतरून जिवावर बेतू शकते. आजारी माणसाने उपवास न केल्यास दोष लागत नाही, हे घरातली वडील माणसेही सांगतील.

साखरेविषयी दोन शब्द

साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखर बेताने खा म्हणून लिहावे का, असे कुणाच्या मनात येईल. आमचे म्हणणे, इथेच लिहिले पाहिजे. साखरेवर आपला संसार चालतो. म्हणूनच तिच्याबद्दल खरे सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

साखर विष नाही. पण तिचे माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या शेकडा १० च्या आत असावी आणि शेकडा ५ च्या आत राहिल्यास अधिक चांगले. रोज २००० उष्मांक घेणाऱ्या मोठ्या माणसाला याचा अर्थ कमाल ५० ग्रॅम, आणि शक्यतो २५ ग्रॅम. यात चहातली साखर, बिस्किटे, मिठाई, थंड पेये, सगळे आले. गूळ, काकवी, मध आणि उसाचा रसही यातच मोजायचा. 'गूळ आहे, कितीही चालतो' हे खरे नाही. रसात शेकडा १४-१५ भाग साखर धरली तरी २५० मिलिलिटरच्या ग्लासात ३५ ग्रॅमहून जास्त साखर असते, हे ऊस पिकवणाऱ्याला सांगायला नको.

घराचा हिशेब मांडा. पाच मोठ्या माणसांच्या घरात दर माणशी २५ ग्रॅम धरले तर महिन्याला पावणेचार किलो. कमाल मर्यादा धरली तरी साडेसात किलो. सभासदांची सवलतीची साखर घरी आली की पोते स्वयंपाकघरात, हाताशी ठेवू नये. महिन्याची साखर मापून बरणीत काढावी, पोते आतल्या खोलीत ठेवावे. दिवाळीचा फराळ एकदम पंधरा दिवसांचा करून उघड्या डब्यात ठेवण्यापेक्षा थोडा थोडा करावा. उबळ येणाऱ्याच्या दृष्टीने डोळ्यांसमोर डबा असणे आणि नसणे यात फार फरक पडतो.

हे सगळे कशासाठी, तर पुढचे दुखणे टाळण्यासाठी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले त्याहूनही अधिक आहेत. सर्वांना तो उबळीमुळे होतो असे नाही. पण वारंवार येणारी उबळ वजन, रक्तदाब आणि मधुमेह यांची वाट सोपी करते, यात शंका नाही.

घरच्यांनी काय करावे?

उबळ चोरून खाण्यात वाढते, आणि चोरून खाणे टोमण्यांनी वाढते. 'आणखी किती खाशील?', 'अंग बघ केवढं झालंय!' ही वाक्ये घरातून काढून टाका. त्यांनी आजवर कुणी कमी खाल्लेले नाही; फक्त लपून खाल्ले आहे. पाहुण्यांना आग्रह करून वाढण्यातही बेत ठेवा. नको म्हणणाऱ्याच्या ताटात जिलबी टाकणे हा पाहुणचार नव्हे.

मुलांना 'ताट पुसून संपव' अशी सक्ती करू नका. आधी थोडे वाढा, मागितले तर पुन्हा वाढा. अन्नही वाया जात नाही आणि पोटाचे ऐकायची सवयही राहते. बक्षीस म्हणून मिठाई आणि शिक्षा म्हणून उपाशी, हे दोन्ही बंद करा. आणि निदान रात्रीचे जेवण घरातल्या बाईसह सर्वांनी एका पंगतीला बसून करा. यासाठी पैसा लागत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

आठवड्यातून एकदा वा जास्त वेळा उबळ येत असेल आणि वरच्या पायऱ्या दोन-तीन महिने करूनही फरक पडत नसेल, तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. त्यावर विनामूल्य बोलता येते.

पुढील बाबतीत मात्र थांबू नये. उबळीनंतर कुणी बोटे घालून उलटी काढत असेल, जुलाबाची औषधे घेत असेल, तर तो निराळा आणि अधिक धोक्याचा आजार आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याचे वर्णन केले. वारंवार उलट्या-जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम, म्हणजे आपण खतात ज्याला पालाश म्हणतो ते, कमी होते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तसेच फार उदास वाटणे, जीव नकोसा वाटणे, असे काही असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी. वसतिगृहात शिकणाऱ्या मुलामुलींच्या आईबापांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. वजन उतरवण्याची जाहिरातीतली पावडर आणि काढे विकत घेऊ नयेत.

स्वाध्याय

पाठ नुसता वाचून उपयोग नाही. घरच्यांसमवेत पुढील गोष्टी करून पाहा :

१. आपल्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कोण किती वाजता खातो, हे एका कागदावर लिहा. सर्वांत मोठे अंतर कुणाच्या वाट्याला येते?
२. दिवसात माणशी किती कप चहा होतो आणि त्यात किती चमचे साखर पडते, ते मोजा. चमचाभर साखर चार-पाच ग्रॅमची धरा.
३. सात दिवस खाण्याची वही लिहा. उबळीआधी किती तास पोट रिकामे होते, तो आकडा खाली रेघ मारून ठेवा.
४. उबळ आल्यावर करायच्या पाच कामांची यादी करून स्वयंपाकघराच्या दाराला लावा.

या चार गोष्टींपैकी पहिली आजच, जेवणाआधी करा. सवय एका हंगामात बदलत नाही. लावण झाल्यावर उगवण नीट झाली की नाही ते बघायला आपण रोज रानात जातो, नांग्या भरतो, पण रोपे उपटून पाहत नाही. तोच धीर स्वतःशी धरावा. एखादी रात्र बिघडेल. सकाळी सात वाजता न्याहारीला बसा, म्हणजे पाळी सुरूच राहिली.